रेणुकानं काढलेले हात

रेणुका माउसनं चित्रं काढायची. ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कम्प्युटरवर माउसनं चित्र काढणं म्हणजे खुरप्यानं मेंदी काढण्यासारखं आहे. या कामाला वेगळी पाटी आणि पेन मिळतं. पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटते. आमच्या संस्थेकडं तशी एक पाटी होती. ती संस्थाचालक साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात असायची, कारण आलेल्या पाहुण्यांना दाखवावी लागायची. पोरांच्या हातात दिली असती तर खराब झाली असती, आणि मग पाहुण्यांना काय दाखवायचं, असा प्रश्न होता.

माउसही ती स्वतःचा आणायची. लॅबमधले माउस मधेच उडी मारायचे. सरळ रेघ ओढायला जावं तर जालन्याहून निघून मंठ्याला पोचायचे. केदारखेड्याहून एसटीनं येताना जेवणाच्या पिशवीत, डब्याशेजारी, रुमालात गुंडाळलेला तिचा माउस असायचा. त्याला कधीकधी ठेच्याचा वास यायचा. काम झालं की ती त्याची वायर चार बोटांभोवती गुंडाळायची, गाठ मारायची आणि परत रुमालात ठेवायची. दोन वर्षं मी हे रोज बघत होतो.

मी या संस्थेत ग्राफिक डिझाइन शिकवतो. संस्था हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जोडीला मेव्हण्याबरोबर फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, कारण नुसत्या शिकवण्यावर घर चालत नाही. शिकवून शेकड्यांनी पोरं गेली. त्यातली बरीचशी चेहऱ्यानं आठवतात, नावानं नाही. रेणुका पूर्ण आठवते. तिच्याबद्दल नुसतं चांगलं लिहायचं असतं तर मी कधीच लिहिलं असतं. पण तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागतं, म्हणून राहून गेलं.

अंगानं बारीक, तेल लावून घट्ट घातलेली एक वेणी, आणि चेहरा असा की त्यावर हवामान बदलायचंच नाही. वर्गात विनोद झाला की सगळे हसायचे. रेणुका विनोद करणाऱ्याकडं बघत बसायची, तो बिचारा स्वतःच समजावून सांगेपर्यंत. सांगून झालं की ती म्हणायची, "बराबर." आणि पुन्हा पडद्याकडं वळायची.

तिचा एक प्रश्न ठरलेला होता. कुठलाही प्रोजेक्ट दिला की बाकीची पोरं विचारायची, कधी द्यायचा, किती मार्कांचा. रेणुका विचारायची, "हे कुणासाठी हाय, सर?"

पहिल्या सत्रात मी कॉफी शॉपचा लोगो करायला सांगितला होता. अभ्यासक्रमात तसंच आहे.

"कुणासाठी हाय, सर?"

"कॉफी शॉपसाठी."

"कुठलं?"

"कुठलंही. समज, तुमच्या गावात एक कॉफी शॉप निघालं."

"न्हाई निघणार," ती म्हणाली. "आमच्या इथं चहा उधार मिळतो."

तिनं गावातल्या पिठाच्या गिरणीचा लोगो करून आणला. लोगो म्हणजे एक गोल जातं. त्याच्या दोन बाजू. एका बाजूला पूर्ण जातं, दुसऱ्या बाजूला अर्धं. मी म्हणालो, हे काय. तर म्हणाली, बाया डोक्यावर दळणाचा डबा घेऊन मळ्यातून येतात आणि गिरणीपाशी आल्यावर कळतं, लाइट नाही. ही पाटी गिरणीपुढच्या लिंबाला टांगायची. पूर्ण जातं दिसलं तर या, अर्धं दिसलं तर तिकडूनच परत फिरा. लांबून दिसावं म्हणून तिनं नाव लिहिलं नव्हतं.

"गिरणीचं नाव कुठाय?" मी विचारलं.

"गावात एकच गिरणी हाय, सर."

लोगोमध्ये ब्रँडचं नाव नाही, असा शेरा मारून मी तिला बेताचे मार्क दिले. गिरणीवाल्यानं मात्र ती पाटी पत्र्यावर रंगवून घेतली आणि लिंबाला टांगली.

दुसऱ्या सत्रात पॅकेजिंग होतं. कुणी चॉकलेटचा डबा केला, कुणी अत्तराची बाटली. रेणुकानं खताची गोणी केली. रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की डोक्यावरून पाठीवर येणारी खोळ होते. पावसात शेतातले सगळे तीच घेतात. त्या गोणीवरची छपाई खोळ केल्यावर उलटी होते, हे मी जन्मभर बघत आलो होतो आणि मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. रेणुकानं मजकूर असा मांडला की गोणी उभी असताना खताचं नाव दिसावं, आणि खोळ केल्यावर पाठीवर एक रुंद पिवळा पट्टा यावा. संध्याकाळच्या पावसात रस्त्यानं चालणारा माणूस ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही, म्हणून. प्रात्यक्षिक म्हणून ती स्वतः खोळ घालून वर्गाकडं पाठ करून उभी राहिली. वर्ग हसून हसून लोळला. ती तशीच उभी. शेवटी मागं न बघता म्हणाली, "सर, मागून दिसून राह्यले का?"

"दिसतेस," मी म्हणालो.

"मंग झालं."

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला बाहेर काम करून यावं लागतं. ती माझ्याच फ्लेक्सच्या दुकानात आली. आमचा धंदा सगळा वाढदिवस आणि श्रद्धांजलीवर चालतो. वर नेत्यांचे गोल फोटो, मधे उत्सवमूर्ती गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांची रांग. आणि सगळे गोरे. आमच्या दुकानातून आजवर सावळा माणूस छापून गेलेला नाही. बबनराव नावाचे एक गिऱ्हाईक आपल्याच वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले आणि रेणुकाच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"ताई, जरा गोरं करा."

"किती?"

"बराबर उठून दिसलं पाहिजे."

"हे कुणासाठी हाय, काका?"

"म्हंजी?"

"बघणार कोण?"

"गाव बघंल की."

"गाव तुम्हाला रोज बघून राह्यलं. गोरं केलं तर त्येंला वाटंल, तुमच्या भावाचा वाढदिवस हाय."

बबनरावांचा भाऊ खरोखरच गोरा होता आणि दोघांचं बांधावरून बोलणं बंद होतं. हे रेणुकाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिनं शुभेच्छुकांच्या रांगेतला फोटो बघून ओळखलं असावं. बबनरावांनी रांगेतल्या भावाच्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हाय तसा छापा. आन् त्याला खालून काढून टाका." आमच्या दुकानातून गेलेला पहिला सावळा फ्लेक्स तो.

त्याच सुमाराला मीही एक फ्लेक्स केला होता. संस्थेच्या प्रवेशाचा. साहेबांना त्यावर आपल्या वर्गाचे, आपल्या पोरांचे फोटो हवे होते. आमच्या वर्गात खिडकीला कुलर अडकवलेला आहे आणि भिंतीला ओल आहे. फोटो कितीही काढले तरी ओल येत होती. तेव्हा मी ते काम एआयला सांगितलं. एका मिनिटात हसरी पोरंपोरी, प्रत्येकापुढं लॅपटॉप, मागच्या खिडकीतून हिरवे डोंगर. जालन्यात तसले डोंगर कुठून दिसतात हे साहेबांनी विचारलं नाही. "फोटो कुणी काढले?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "मीच." ते इतके खूष झाले की नंतर खरं सांगायची जागाच उरली नाही. फ्लेक्स हॉलच्या मधल्या भिंतीवर लागला.

रेणुका त्यापुढं उभी राहून जेवायची. एक दिवस म्हणाली, "सर, ह्या पोरीला कान न्हाई."

"केसांखाली आहे."

"केस मागं हायेत सर तिचे."

मी म्हणालो, जेव आता. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटचा प्रोजेक्ट ज्याचा त्यानं निवडायचा असतो. रेणुकानं हात निवडले. कामात असलेले हात, नुसते हात, चेहरे नाहीत. घनसावंगीच्या जीपवाल्याचा हात, जो दारावर थापटी मारून गाडी सोडतो. राजूरच्या पेढेवाल्याचा. टपरीवरच्या न्हाव्याचा. कुणाचाही फोटो घेऊन त्यावर गिरवलेलं नाही; समोर जाऊन बघायचं, वहीत पेन्सिलनं टिपायचं आणि लॅबमध्ये माउसनं काढायचं. एका हाताला पंधरा-पंधरा दिवस. नखातली माती वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर टाकलेल्या वेगळ्या पारदर्शक कागदासारख्या थरावर. मी म्हणालो, मातीला वेगळा लेयर कशाला. तर म्हणाली, "सणाला धुतात, सर."

एकदा तिनं माझ्याकडंही बघितलं आणि म्हणाली, "तुमचा हात राह्यला, सर."

"माझा हात काय करतो?"

"त्येच बघून राह्यले."

मी हसण्यावारी नेलं. मी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतो. शिकवताना वेळ बघितलेली पोरांना कळू नये म्हणून लागलेली सवय. ती तेवढ्यात तिनं टिपली असावी, कारण म्हणाली, "घड्याळ चोरून बघतो." चेहरा नेहमीसारखाच.

हिवाळ्यात भोकरदनकडं एका लग्नाला गेलो होतो. परतताना केदारखेड्यात गाडी थांबवली. पांढरं सोनं सांडावं तसा कापूस फुटलेला होता वगैरे मी लिहिणार नाही. वेचणी चालू होती आणि रस्ताभर धूळ होती. गिरणीपुढच्या लिंबाला पूर्ण जातं टांगलेलं दिसलं. रेणुकाच्या घरी तिची आई, कौसाबाई, नुकतीच शेतातून आली होती. सर आले म्हणून तिनं लगेच तव्यावर भाकरी टाकली. ती ताटात वाढताना मी तिचा डावा हात बघितला. करंगळीच्या शेजारी आणखी एक बोट होतं. लहान, नख असलेलं, बाकीच्यांबरोबर वाकणारं.

मी बघितलेलं तिनं बघितलं. "जन्मापासून हाय, सर," ती म्हणाली. "कापूस येचायला उलट बेस."

गावात तिच्या त्या हाताला मान होता. कुणी नवीन दुकान टाकलं की पहिलं गिऱ्हाईक म्हणून कौसाबाईला बोलवायचे. तिनं डाव्या हातानं पैसे द्यायचे, मग दुकान चालतं. पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो; ती कौसाबाईच्या हातची व्हावी, असं आसपासच्या खेड्यांतले लोकही म्हणायचे. राजूरच्या एका किराणावाल्यानं तर तिला न्यायला गाडी पाठवली होती.

"मंग चाललं का दुकान?" मी विचारलं.

"न्हाई," कौसाबाई म्हणाली. "उधारी लई दिली त्यानं. त्याला माझं बोट काय करंल?"

रेणुका चुलीजवळ बसून आईच्या हाताकडं बघत होती. मांडीवर वही. हातातली पेन्सिल चालू. मी दोन भाकरी खाल्ल्या. त्या हातानं वाढलेल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

निघताना कौसाबाई गाडीपर्यंत आली. "सर, तिला त्या संभाजीनगरच्या नोकरीचं लई हाय," ती म्हणाली. "तिचे वडील म्हणतात, परीक्षा झाली की पाहुणे बोलवू. नोकरी लागली तर थांबतील." नोकरी म्हणजे एका पॅकेजिंग कंपनीची. आमच्या वर्षअखेरच्या प्रदर्शनात जो पहिला येईल त्याला ते दरवर्षी घ्यायचे. रेणुकानं मला त्या नोकरीबद्दल एकदाच सांगितलं होतं. "तिथं पाटी आन् पेन समद्यांला देतात, सर. कपाटात न्हाई ठेवत."

प्रदर्शन मार्चमध्ये झालं. परीक्षक मोठ्या शहरातल्या एका कॉलेजातून आले होते. माणूस वाईट नव्हता. एआयनं केलेली चित्रं कशी ओळखायची यावर त्यांनी नुकतंच एक व्याख्यान ऐकलं होतं, आणि ते वापरायला मिळण्याची ते वाट बघत होते. साहेबांनी त्यांना आधी हॉलमधला प्रवेशाचा फ्लेक्स दाखवला. "आमच्या सरांनी स्वतः काढलेत फोटो," साहेब म्हणाले. परीक्षकांनी कान नसलेल्या पोरीकडं बघून मान डोलावली. "लाइट छान पकडलाय," म्हणाले. मी थँक यू म्हणालो.

मग ते रेणुकाच्या पोस्टरांपुढं आले. चहा आला होता; माझ्या हातात कागदी कप होता. परीक्षक एकेक हात बघत गेले. जीपवाला, पेढेवाला, न्हावी. थांबून थांबून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. शेवटचं पोस्टर कापूस वेचणाऱ्या हाताचं होतं. डावा हात, बोंडातून कापूस ओढताना. ते वाकले. बोटं मोजली. परत मोजली. मग सरळ उभे राहून हसले.

"सापडलं," ते म्हणाले. "एआयला बोटं जमत नाहीत."

रेणुका म्हणाली, "मी काढलंय, सर. माउसनं."

"माउसनं?" परीक्षकांनी साहेबांकडं बघितलं. साहेब हसले, म्हणून बाकीचे हसले.

"फाइल उघडून दाखवू का? लेयर हायेत."

"लेयर आजकाल कसेही करता येतात. हे सहावं बोट कुठून आलं ते सांग."

"माझ्या आईला हायेत सहा."

आता सगळा हॉल हसला. हे उत्तर ऐकून कुणीही हसलं असतं. ती सगळ्यांकडं, नेहमी विनोद करणाऱ्याकडं बघायची तशी, बघत उभी राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. परीक्षकांनीही बघितलं. त्यांनी विचारलंही, अगदी सरळ, "काय सर? खरं आहे का? तुमच्यासमोर केलंय का तिनं?"

त्यांच्या पाठीमागं माझा फ्लेक्स होता. मला एवढंच कळत होतं की एआय कसं असतं आणि कसं नसतं ही चर्चा वाढली, तर हा माणूस मागं वळेल. त्याला कान दिसेल, म्हणजे दिसणार नाही. डोंगर दिसतील. साहेब शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "बघावं लागेल."

खोटं मी काही बोललो नाही. त्या वाक्यात खोटं काहीच नाही, म्हणून तर ते सरकारी कचेऱ्यांत एवढं चालतं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. साहेबांकडं जेवणाला उशीर होत होता. मी तिथंच उभा होतो. किती वेळ ते माहीत नाही. हातातला चहा मी प्यायलोच नाही, एवढं आठवतं.

रेणुका काठावर पास झाली. नोकरी मिळाली एका मुलाला. त्याची पोस्टरं मी तपासली होती. त्याच्या सगळ्या माणसांचे हात खिशात होते.

दोन दिवसांनी कौसाबाई आली. एकटी, सकाळच्या एसटीनं. दुसऱ्या मजल्यावर कधी चढली नसावी, दारात उभी राहून दम घेतला आणि ऑफिसातल्या क्लार्कला म्हणाली, "पोरगी खोटी न्हाई. हात दाखवाया आले." आणि टेबलाच्या काचेवर तिनं डावा हात ठेवला, तळवा वर करून, डॉक्टरपुढं ठेवतात तसा.

ऑफिस आणि लॅबच्या मधे काच आहे. मी लॅबमध्ये होतो. एक बंद पडलेला कम्प्युटर दुरुस्त करत होतो. खरं तर तो मीच बंद केलेला होता.

क्लार्क भला माणूस आहे. त्यानं हात नीट बघितला. "असतं काहींना," तो म्हणाला. "पण मार्क काल वर पाठवले, मावशी."

"सर कुठायत? सरांनी बघितलाय माझा हात. सरांना इचारा."

क्लार्कनं काचेतून माझ्याकडं बघितलं. मी कम्प्युटरच्या मागं वाकलो. त्याच्या मागं वायरी असतात, तिथं बराच वेळ घालवता येतो. वर आलो तेव्हा ऑफिस रिकामं होतं आणि टेबलाच्या काचेवर हाताचा ओलसर ठसा होता. क्लार्कनं तो फडक्यानं पुसला. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही. नंतर बोलला, नेहमीसारखा. लोक बोलतातच.

रेणुका मार्कशीट न्यायला आली, तेव्हा मी रजा टाकली होती.

त्यानंतर मी सुधारलो वगैरे काही नाही. फ्लेक्स दोन वर्षं लटकत होता. मग फिका पडला, तेव्हा साहेबांनी दुसरा करायला सांगितला. या वेळी मी खऱ्या पोरांचे फोटो घेतले, ओलीसकट. साहेब म्हणाले, आधीचे चांगले आले होते, आता हात बिघडला का. मी म्हणालो, आधीचे मी काढले नव्हते. ते फोनवर बोलत होते. ऐकलं की नाही माहीत नाही. मी पुन्हा म्हणालो नाही.

गेल्या चतुर्थीला बायकोबरोबर राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. रांग बाहेरपर्यंत होती. बायकोला रांगेत उभं करून मी चहा शोधायला निघालो, आणि बाजारातले फ्लेक्स बघत चाललो, धंद्याची सवय म्हणून. काही पावलांनी लक्षात आलं की इथले वाढदिवस सावळे आहेत. रसवंतीच्या फ्लेक्सवर नाव बारीक आणि उसाचं कांडं एवढं मोठं की बसस्टँडवरून दिसावं. आणि प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात, दुकानाचा फोन नंबर असतो तिथं, एक छोटासा हात. मी जवळ जाऊन बोटं मोजली. सहा.

दुकान एका बोळीत होतं. रेणुका आत बसली होती. थोडी भरली होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. मला बघून उठली. "या, सर," म्हणाली, जणू मी कालच वर्ग सोडून गेलो होतो. चहा सांगितला. नवरा छपाईचं मशीन बघतो, ती डिझाइन. पाहुणे आले होते तेव्हा तिनं एकच विचारलं होतं म्हणे, घरात कम्प्युटर ठेवायला जागा आहे का.

"भवानी माझ्या आईनंच केली," ती म्हणाली. "डाव्या हातानं."

"आणि चाललं?"

"आम्ही उधारी देत न्हाई."

टेबलावर तोच माउस होता, वायरीला चिकटपट्टी. कोपऱ्यात काचेच्या छोट्या कपाटात पाटी आणि पेन होतं. चांगलं, महागातलं.

"घेतलंस मग."

"घेतलं. पण हाताला माउसची सवय झाली, सर." मग कपाटाकडं बघून, "पाहुण्यांला दाखवते."

कागदी कपात चहा आला, तेवढ्यात एक गिऱ्हाईकही आलं. लग्नाचा फ्लेक्स होता. ती त्याच्याकडं वळली, आणि मी भिंतीकडं बघितलं. हात होते. जीपवाल्याचा, पेढेवाल्याचा, न्हाव्याचा, कौसाबाईचा. त्यापुढं एक होता जो मी पूर्वी बघितला नव्हता. कागदी कप धरलेला उजवा हात. मागं दुसरा हात अर्धवट दिसत होता, त्याचं मनगट आतून वळलेलं, घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. कपातला चहा प्यायलेला नव्हता. त्यावर साय आली होती, सुरकुतलेली. ती तिनं वेगळ्या लेयरवर काढली असणार. बोटं कपावर इतकी घट्ट होती की कागद एका बाजूला दबला होता. ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

मी बोटं मोजली. बरोबर होती. कुणालाही चूक काढता आली नसती.

"रेणुका," मी म्हणालो. "त्या दिवशी मी..."

"चहा घ्या, सर," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "साय धरून राह्यली." आणि गिऱ्हाइकाला, "हां, हे कुणासाठी हाय, मामा? मुलीकडून का मुलाकडून?"

मी चहा प्यायलो. सगळा. कप स्टुलावर ठेवला आणि येतो म्हणालो. ती "या" म्हणाली.

बोळीच्या तोंडाशी बायको प्रसाद घेऊन उभी होती. जालन्याची जीप तिथंच भरत आली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. तिथून दुकानाच्या उघड्या दारातून आतलं दिसत होतं.

"कोण होती ती?" बायकोनं विचारलं.

"विद्यार्थिनी." मग मी म्हणालो, "तिच्या आईला डाव्या हाताला सहा बोटं आहेत. मी स्वतः बघितलीत. तिच्या हातची भाकरी खाल्लीय मी."

बायकोनं प्रसाद मांडीवर ठेवला. "बरं, मंग?" ती म्हणाली.

ड्रायव्हरनं दारावर थापटी मारली. दुकानातलं गिऱ्हाईक गेलं होतं. रेणुका उठली, स्टुलावरचा माझा कप उचलला, त्यात डोकावून बघितलं आणि दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.